षटकांची वही

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे १९७८ साली जन्मलेले झहीर खान यांनी वेगवान गोलंदाजी करून कसोटी सामन्यांत ३११ बळी मिळविले. २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडचे पहिले दोन्ही गडी त्यांनीच बाद केले. परंतु चौदावे षटक चालू असतानाच त्यांच्या मांडीमागील स्नायू दुखावला. त्यानंतर थेट डिसेंबरात, मेलबर्न येथे, ते पुन्हा कसोटी खेळले.

अशा दुखापतीस एकच कारण नसते. तथापि वेगवान गोलंदाजाचे शरीर केवढा भार सोसते, हे पाहण्यासारखे आहे. धावत येऊन तो पुढचा पाय जमिनीवर रोवतो, तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो आणि त्याच क्षणी कंबर पिळवटते. वीस षटकांत हे एकशे वीस वेळा घडते. सरावातील चेंडू निराळेच!

गंमत अशी, की हाडे व स्नायू याच भाराने बळकट होतात. मात्र ते बळ येते विश्रांतीच्या काळात. झीज भरून येण्यापूर्वीच नवा भार पडत राहिला, तर कमरेच्या मणक्यास बारीक चीर पडू शकते. वाढत्या वयात हाडे पुरती पक्की झालेली नसल्याने मुलांना हा धोका अधिक. म्हणूनच इंग्लंडमध्ये मुलांनी दिवसाकाठी किती षटके टाकावीत, याची मर्यादा ठरवून दिलेली आहे.

आपल्याकडील तालमीतला जाणता वस्तादही नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर काढावयास लावीत नाही. तो नजरेने जोखतो. आजचे प्रशिक्षक वहीत लिहितात. सराव किती मिनिटे झाला आणि शून्य ते दहांपैकी किती कठीण वाटला, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. साठ मिनिटे आणि कठीणपणा चार, तर भार दोनशे चाळीस. आठवड्याची बेरीज मागील आठवड्यांच्या बेरजांशी ताडून पाहतात. परीक्षेमुळे महिनाभर खेळ बंद राहिला आणि सुटी लागताच मुलगा दिवसभर गोलंदाजी करू लागला, तर ही बेरीज एकदम उसळी घेते. तिचा परिणाम कधीकधी तीन-चार आठवड्यांनी दिसतो. तोवर तो मुलगा आपण ठणठणीत आहोत असेच समजत असतो!

वहीत झोपेचे तासही लिहितात. काही खेळाडू पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडीचे ठोके मोजतात. ते काही दिवस नेहमीपेक्षा अधिक भरू लागले, की प्रशिक्षक चौकशी करतो आणि षटके कमी करतो.