अंगणाची खरेदी जमिनीपासून

पिंपरी-चिंचवड परिसरात अंगणे दोन तऱ्हेची. 1972 साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीकडे भूखंड पाडले. तिथल्या जुन्या बंगल्यांभोवती मूळची काळी माती अनेकदा शाबूत सापडते. मोशी, चिखली, चाकणकडच्या नव्या रो-हाऊसचे अंगण मात्र बहुधा भरावाचे असते. खाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा, वर चार बोटे लाल माती. या दोन अंगणांना लागणारे सामान वेगळे आहे, आणि तुमचे कोणते ते दुकानात कळत नाही. म्हणून यादी करण्याआधी कुदळ हातात घ्या.

फूटभर लांब, फूटभर रुंद आणि तितकाच खोल खड्डा काढा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि आत पट्टी उभी करा. तासाला इंचभर किंवा अधिक पाणी उतरले तर निचरा पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले तर खाली दाबून बसवलेला भराव आहे किंवा चिकण माती. तिथे कितीही उत्तम खत आणले तरी पावसाळ्यात मुळे कुजतील. अशा जागी आधीचा पैसा फूट-दीड फूट उंच वाफे बांधण्यावर घाला. चिकण माती मोकळी व्हावी म्हणून अनेक जण वाळू मिसळतात. थोडी वाळू घातली तर माती वाळल्यावर उलट आणखी घट्ट होते. काळ्या मातीला मोकळे करते ते कुजलेले सेंद्रिय खतच.

खोदताना प्लास्टर, सिमेंटचे गोळे निघाले तर वेचून बाहेर टाका. आपली बेसॉल्टपासून झालेली काळी माती मुळातच चुनखडीकडे झुकलेली असते. सिमेंटने तिचा सामू आणखी चढतो. त्याचा परिणाम मोगरा, जास्वंद, लिंबू यांच्यावर दिसतो: कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. एवढा फरक ओळखता आला तर युरियाचा खर्च वाचतो. पण नुसते हिराकस मातीत टाकूनही भागत नाही, कारण चुनखडीच्या जमिनीत ते लवकरच मुळांना न मिळणाऱ्या रूपात जाते. चिलेटेड लोह घ्यायचे तर पाकिटावरचे नाव वाचा. ईडीटीए प्रकारचे लोह मातीचा सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. आपल्याकडे जमिनीतून द्यायला ईडीडीएचए प्रकारचे हवे. ते महाग असते, म्हणून आधी माती तपासून घ्यावी. शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय आणि चाकणच्या पुढे नाशिक रस्त्यावरचे नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र, या दोन्ही ठिकाणी चौकशी करा. चार-पाच जागची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, अर्धा किलो न्यायची.

आता खत. शेणखत ब्रासवर मिळते आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन इंचांचा थर द्यायचा तर एका ब्रासमध्ये सहाशे चौरस फूट जागा होते. हा हिशेब पाठ असला की गरजेपेक्षा मोठा ट्रक दारात येत नाही. खत काळपट, भुसभुशीत आणि बिनवासाचे हवे. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या अंगणात येतात आणि गवताची, गुलाबाची मुळे खातात, म्हणून ढिगात हात घालून, चाळून, मगच उतरवून घ्या. गांडूळखताच्या पिशवीला 1985 चा खत नियंत्रण आदेश लागू आहे. त्यानुसार ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के आणि नत्र किमान 1 टक्का असायला हवा. पिशवीवर हे आकडे नसतील तर ती ठेवून द्या. हाताला ओलीकच्च लागणारी पिशवी घेतली तर तुम्ही पाणी विकत घेता.

कोकोपीट हे खत नव्हे. ते पाणी धरते, पोसत काही नाही. पाच किलोची वीट भिजून साधारण सत्तर लिटर होते, आणि कुंड्या हलक्या ठेवायला ती उत्तम. जमिनीतल्या वाफ्यांसाठी मात्र मी त्यावर पैसे घालणार नाही. तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन तेच काम करते आणि कुजून मातीही बनते. कुंड्यांसाठी घेताना कमी क्षाराचे, म्हणजे ‘लो ईसी’ असे लिहिलेले घ्यावे आणि तरीही एकदा धुऊन वापरावे, कारण काथ्याच्या सालींत मीठ असते.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात बागेचे बरेचसे सामान भंगारातून येते. चाकणच्या कारखान्यांतल्या पॅकिंगच्या लाकडी पॅलेट आणि निळे ड्रम यांच्या कुंड्या, वाफे, बाकडी होतात. जुन्या वस्तूला दुसरे आयुष्य मिळते, ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त शिक्का बघा. निर्यातीच्या लाकडावर आयएसपीएम-15 या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह असते आणि शेजारी रोमन अक्षरे. ‘एच टी’ असेल तर लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर तीस मिनिटे तापवलेले आहे. ‘एम बी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. भाजीच्या वाफ्यासाठी ‘एच टी’च निवडा. अर्थात हा शिक्का किडींपुरताच आहे. त्या पॅलेटवर पुढे कूलंट किंवा ऑइल सांडले का, हे तो सांगत नाही. डागाळलेल्या, ऑइलचा वास येणाऱ्या फळ्या नकोत. ड्रममध्ये आधी काय होते याचे लेबल फाडलेले असेल आणि विकणाराही सांगू शकत नसेल, तर त्यात मेथी-कोथिंबीर पेरू नका. खाद्यतेलाचे किंवा सरबताच्या पाकाचे ड्रमही शोधल्यास मिळतात.

हिरवळीचा मोह समजण्याजोगा आहे, पण नोव्हेंबर 2019 पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले, हे विसरून चालत नाही. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तरी तीनशे चौरस फुटांना सुमारे 140 लिटर लागते. माणशी पाण्याचे सरकारी मानक 135 लिटर आहे. घरात एक माणूस वाढल्यासारखेच ते. शंभर चौरस फुटांचा तुकडा ठेवावा, बाकीच्या जागेत झुडपे आणि आच्छादन करावे, आणि त्यांना ठिबक द्यावे. बोअरचे पाणी असेल तर क्षारांनी ड्रिपर बुजतात. गाळणी आणि उघडून साफ करता येतील असे ड्रिपर घेतलेले बरे.

कीटकनाशकाच्या डब्यावर उभ्या ठेवलेल्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मुले आणि कुत्री-मांजरे खेळतात त्या अंगणात लाल-पिवळ्याला जागा नाही. मावा आणि पिठ्या ढेकणासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंबाचे तेल, एवढे पुरते.

आणि क्रम. शेणखत एप्रिल-मेमध्ये आणून पसरावे आणि मातीत मिसळावे, म्हणजे मृगाचा पाऊस त्यावर पडतो. रोपे त्यानंतर, जुलैत. उरुळी कांचनच्या रोपवाटिकांमध्ये भरभरून फुललेले रोप डोळ्यांत भरते, पण निवडताना पिशवीचा तळ बघा. मुळे गोल गोल गुंडाळून बाहेर आली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेले आहे. त्याच्या शेजारचे, कमी फुलांचे पण दोन-तीन नव्या फुटी आलेले रोप मागून घ्या.