जमतऱ्याची मोजपट्टी

जबलपूरहून बरगीच्या दिशेने निघाले की नर्मदेच्या काठी जमतरा गाव लागते. गोंदिया-जबलपूर हा जुना अरुंद रेल्वेमार्ग इथेच पुलावरून नदी ओलांडत असे. वरच्या अंगाला बरगी धरण, खाली ग्वारीघाट, तिलवाराघाट आणि पुढे भेडाघाटचा धुवाँधार. पर्यटक धुवाँधारला जातात, परिक्रमावासी ग्वारीघाटावर उतरतात. जमतऱ्याला थांबतात ती केंद्रीय जल आयोगाची माणसे. नदीतून किती पाणी वाहते आहे याची नोंद त्यांच्या वहीत होते, आणि पावसाने दगा दिलेल्या वर्षी चार राज्यांतले वाटे अशाच वह्यांवर ठरतात.

अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटरच्या वाटेवर आणि उपनद्यांवर अशी केंद्रे ठिकठिकाणी आहेत. त्यांची नावे मराठी वाचकाला परिक्रमेतल्या मुक्कामांच्या यादीसारखी ओळखीची वाटतील: दिंडोरी, बरमानघाट, होशंगाबाद, हंडिया, मंडलेश्वर, राजघाट आणि सगळ्यांत शेवटी गरुडेश्वर. टेंबे स्वामींची समाधी आहे तेच गरुडेश्वर. मैयाला श्रद्धेने पाहणारे आणि तिचे पाणी मोजणारे एकाच वाटेवरून जातात, याचे मला फार अप्रूप वाटते.

काम दिसायला साधे आहे. काठावर रोवलेल्या मोजपट्टीवर रोज सकाळी आठला पातळी वाचायची. पावसाळ्यात पूर आला की तासातासाला. पण पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. त्यासाठी नदीच्या रुंदीचे भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली घेतात आणि पाण्यात वेगमापक सोडतात. त्याच्या वाट्या प्रवाहाबरोबर फिरतात. ठरावीक वेळेत किती फेरे झाले त्यावरून वेग निघतो. पृष्ठभागावर पाणी जोरात पळते, तळाशी रेंगाळते, म्हणून सरासरी वेग मिळावा यासाठी खोलीच्या सहा-दशांशावर मोजतात. वेगाला क्षेत्रफळाने गुणले की विसर्ग. अशा कित्येक मोजण्यांतून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो, आणि मग नुसती पट्टी वाचूनही प्रवाह सांगता येतो. मोठा पूर येऊन गेला की तळ बदलतो आणि आलेख पुन्हा बसवावा लागतो. मोजण्यात खंड पडला की जुना आलेख खोटे बोलू लागतो, आणि ते लगेच कोणाच्या लक्षातही येत नाही.

धरणावरचा हिशेब निराळा. बरगीत पहिल्यांदा पाणी अडले ते १९९० मध्ये. या जलाशयाचे सरकारी नाव राणी अवंतीबाई लोधी सागर. सुमारे १६२ गावे त्याच्या पाण्याखाली आली, हे विसरून या साठ्याविषयी बोलू नये. पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर, उपयुक्त साठा सुमारे ३,१८० दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण ११२ टीएमसी. आपल्या कोयनेची एकूण क्षमता १०५ टीएमसी आहे, यावरून अंदाज यावा. आयोग देशभरच्या मोठ्या धरणांचे साप्ताहिक साठापत्रक गुरुवारी काढतो. गेल्या वर्षीचा याच दिवसाचा साठा आणि दहा वर्षांची सरासरी शेजारी मांडलेल्या त्या यादीत बरगीही असते.

पण या पत्रकामागची एक अडचण बाहेर फारशी बोलली जात नाही. धरणात येणारे पाणी, ज्याला आपल्याकडे येवा म्हणतात, थेट मोजत नाहीत. साठा किती वाढला किंवा घटला ते पातळीवरून काढतात, त्यात सोडलेले पाणी मिळवतात, बाष्पीभवन धरतात आणि त्यातून येवा निघतो. बरगी पूर्ण भरली की पाण्याचा पसारा जवळपास २७० चौरस किलोमीटर होतो. त्या वेळी पातळीत एका सेंटीमीटरची चूक झाली, तर साठ्यात २७ लाख घनमीटरचा फरक पडतो. दिवसभराच्या प्रवाहात मांडला तर तो सुमारे १,१०० क्यूसेक होतो! वाऱ्याने पाणी एका काठाला चढले तरी एवढी चूक होऊ शकते. पुरात ती जाणवत नाही. उन्हाळ्यात पसारा आक्रसतो आणि चूकही आक्रसते, पण नदीची धार त्याहून बारीक झालेली असते, आणि अख्खा येवा त्या चुकीत बुडू शकतो.

म्हणून दुष्काळात खरी भिस्त धरणाच्या वरच्या छोट्या केंद्रांवर असते. नर्मदेवरचे मनोट, बुढनेरवरचे मोहगाव, बंजरवरचे हिरदेनगर. नर्मदा हिमनदीतून येत नाही. पाऊस थांबल्यावर तिच्यात वाहते ते मंडला-दिंडोरीच्या सालवनांखाली आणि शेतांखाली मुरलेले पाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये या तीन ठिकाणी धार किती वेगाने ओसरते आहे ते पाहिले, की मे महिन्यात काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज बांधता येतो. धरणाची भिंत एवढ्या आधी काहीच सांगत नाही.

आता वाटणीकडे. नर्मदा पाणीतंटा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा १९७९ मध्ये आला. चारपैकी तीन वर्षांत मिळेल असे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५, म्हणजे जेमतेम ११ टीएमसी. पाणी कमी पडले तर तूट याच प्रमाणात सोसायची: ७३, ३६, २ आणि १. हिशेबाचे वर्ष १ जुलै ते ३० जून, आणि तो सांभाळते इंदूरचे नर्मदा नियंत्रण प्राधिकरण.

या नियमाची कसोटी २०१७-१८ मध्ये लागली. त्या वर्षी वाटपासाठी धरलेले पाणी १४.६६ दशलक्ष एकर-फुटांवर आले, ठरल्याच्या निम्म्याच्या आसपास. गुजरातच्या वाट्याला ९ ऐवजी ४.७१ आले आणि १५ मार्चनंतर सिंचनाचे पाणी थांबवावे लागले. महाराष्ट्राचा वाटा याच प्रमाणाने पावणेसहा टीएमसीपर्यंत उतरतो. ओरड झाली, राजकारणही झाले. पण अपूर्णांकापर्यंत मोजलेला आकडा समोर असल्यामुळे भांडणाला एक काठ राहिला. कृष्णा आणि कावेरीच्या तंट्यांचा इतिहास आठवला की याचे मोल कळते.

मात्र २८ हा मूळ आकडा निव्वळ मोजणीतून आलेला नव्हता. १९७४ मध्ये राज्यांनी तो आपसांत मान्य केला आणि लवादाने तो धरून वाटप केले. प्रत्यक्ष प्रवाहाच्या नोंदी साचत गेल्या, तसे नदीत पाणी याहून बरेच कमी, २३ च्या आसपास आहे, असे मध्य प्रदेशाने आणि नर्मदा बचाव आंदोलनाने मांडले. २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न पुन्हा उघडला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते समजू शकते. पण कराराने ठरलेले पाणी नदीत वाहत नाही, आणि कालव्यांचे आराखडे त्याच पाण्यावर आखले गेले. वाटपाचा पाया म्हणून मला मोजपट्टीच अधिक विश्वासाची वाटते.

मोजणीचे हे मोल जबलपूरला रोजच्या जगण्यातून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराचे पाणी खंदारी जलाशयातून येऊ लागले, नंतर परियटची भर पडली. शहर वाढले आणि तहान नर्मदेवर गेली; आज ललपूर, रमनगरा इथून पाणी उपसतात. ही ठिकाणे बरगीच्या खाली आहेत. उन्हाळ्यात बरगीच्या वीजगृहातून जे पाणी सुटते, त्यावर घाटांची आणि पंपांची पातळी अवलंबून. वीज कधी काढायची आणि पाणी कधी राखायचे, हा निर्णय वीजमागणीचे आकडे पाहून घ्यायचा की जमतऱ्याचे, यावर शहराचा मे महिना ठरतो.

बरगीवरचे हक्कदारही वाढत आहेत. उजवा कालवा कटनी, सतना, रीवाकडे नेण्यासाठी स्लीमनाबादजवळ सुमारे १२ किलोमीटरच्या बोगद्याचे काम २००८ मध्ये हाती घेतले गेले. दुष्काळी बघेलखंडाला पाणी मिळावे, त्यात दुमत नाही. पण बोगद्यापलीकडे जाणारे पाणी सोन-टोन्सच्या खोऱ्यात उतरते. ते जमतऱ्याच्या पट्टीवर कधीच दिसणार नाही. तेव्हा कालव्याच्या मुखाशीही तितकीच काटेकोर मोजणी हवी, आणि तिचे रोजचे आकडे मनोट-मोहगावच्या आकड्यांशेजारी सर्वांना पाहता येतील असे ठेवायला हवेत. रीवाच्या शेतकऱ्याला आणि जबलपूरच्या नळधारकाला, दोघांनाही, मार्चमध्येच कळले पाहिजे की जूनपर्यंत साठा किती पुरणार आहे.