लेबलवर एक, कॅसेटमध्ये दुसरंच

सियागंज ही इंदूरची किराणा-मसाल्याची घाऊक पेठ. लगतच्या महाराणी रोडवर विजेच्या सामानाचा बाजार. देशभरच्या अशाच बाजारांतून 1990 च्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आणि त्यांच्या कॅसेटी मध्यमवर्गीय घरांत पोचल्या. तसली एखादी कॅसेट आज कुणी माळ्यावरून काढून ग्रंथपालासमोर ठेवली, तर तिची नोंद कशी करायची? पिवळं प्लॅस्टिक, मारिओचं भडक स्टिकर, त्यावर ‘9999 इन 1’. प्रकाशकाचं नाव नाही, साल नाही, देशही नाही.

नोंदीचा आराखडा, म्हणजे मेटाडेटा स्कीमा, बसवताना आधी ठरवावं लागतं की कोणती माहिती कशाला लावायची. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, इफ्लाने, 1998 साली त्यासाठी चार पायऱ्या मांडल्या: कृती, तिचं रूप, आवृत्ती आणि हातातली प्रत. सियागंजातल्या आडत्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. मिरची ही जिन्नस, मग तिची जात, मग वक्कल, म्हणजे मालाचा लॉट, आणि शेवटी समोरचं पोतं. भाव वक्कलाचा, वजन पोत्याचं. एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर चढली की हिशेब बिघडतो.

खेळांत हा बिघाड सर्रास होतो. ‘कॉन्ट्रा’ 1987 साली आर्केडमध्ये आला, 1988 मध्ये घरगुती यंत्रावर. युरोपात तोच 1990 साली ‘प्रोबोटेक्टर’ झाला आणि सैनिकांच्या जागी रोबो आले. माझ्या मते ही नवी कृती नव्हे, त्याच कृतीचं दुसरं रूप. दोन्ही नावं एकमेकांना जोडून ठेवावीत म्हणजे शोधणारा कुठूनही आला तरी पोचेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ घ्या. निन्टेन्डो स्विचवर तो 18 ऑगस्ट 2020 ला आला. पीसी, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर 15 ऑक्टोबरला. आराखड्यात खेळामागे तारखेचा एकच रकाना असेल तर यातली एक तारीख हरवणारच. तारीख खेळाची नसते; ठरावीक यंत्रावर, ठरावीक प्रदेशात झालेल्या प्रकाशनाची असते.

आता त्या पिवळ्या कॅसेटकडे वळू. यंत्रात घातली की लांबलचक यादी उघडते, पण थोडं खाली गेलं की तेच खेळ पुन्हा येतात: कुठे चौथ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कुठे जास्त जीव दिलेले. यादीत ‘टँक 1990’ असतो. तो मुळात नामकोच्या 1985 च्या ‘बॅटल सिटी’त फेरफार करून बनवलेला, नावातलं 1990 उचलून सालाच्या रकान्यात टाकलं तर नोंद फसते. म्हणून माझा आग्रह असा: लेबलवर जे छापलंय ते जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट, एका रकान्यात; आत जे सापडलं ते दुसऱ्या; आणि ‘कशावर आधारित’ हा दुवा तिसऱ्या. साल ठाऊक नसेल तर ‘अज्ञात’ किंवा ‘1990 चं दशक, अंदाजे’ लिहिण्याची सोय हवी. मूळ जपानी खेळाची तारीख तिथे चिकटवणं हा भारतातल्या प्रतीवर अन्याय आहे.

आतला खेळ नेमका कोणता, हे ठरवायला चिपमधली माहिती फाइलीत उतरवून तिचा हॅश, म्हणजे त्या माहितीवरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढतात. एक बाइट बदलला तरी हॅश बदलतो. मात्र अशा फाइलींच्या डोक्यावर बहुधा 16 बाइटांचा मथळा जोडलेला असतो आणि तो खेळाचा भाग नाही. तो वगळून हॅश काढला नाही, तर एकच खेळ दोन ठरतात.

सिअॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने तिथल्या इंटरअॅक्टिव्ह मीडिया म्युझियमसोबत व्हिडिओ गेमसाठी आराखडा तयार केला. त्यात खेळाचा भाव, दृश्यशैली यांनाही जागा आहे. ते घ्यावंच. पण पैलू सुटे ठेवण्याचा विचार आपल्याकडे आधीपासून आहे: पुस्तकाचा विषय सुट्या पैलूंत मांडणाऱ्या कोलन वर्गीकरणाचे कर्ते रंगनाथन 1957 ते 1959 इंदूरशेजारच्या उज्जैनमध्ये, विक्रम विद्यापीठात, शिकवत होते. यंत्र, प्रदेश, भाषा, नियंत्रक हे पैलू असे सुटे ठेवले की नवं यंत्र आलं म्हणून जुनी नोंद मोडावी लागत नाही.

पण नोंद करायला आधी प्रत जपलेली हवी. भारतात 1954 च्या कायद्याने प्रकाशकांना पुस्तकं, आणि 1956 पासून वर्तमानपत्रं, ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागतात. खेळ त्यात नाहीत, त्यामुळे ‘राजी’ची प्रत ग्रंथालयात जमा करण्याचं बंधन कुणावर नाही. त्यात डाउनलोडचा खेळ अपडेट झाला की जुनं रूप खेळणाऱ्याच्या यंत्रातून पुसलं जातं. आजच्या खेळांसाठी आवृत्तीचा क्रमांक आणि अपडेटची तारीख हे रकाने सक्तीचे करावेत. जुन्या कॅसेटींसाठी दोन्ही बाजूंचे फोटो, आतल्या सर्किटवरची छापील अक्षरं, कोणत्या गावातून मिळाली आणि कुणी कोणत्या सालाच्या सुमारास घेतल्याचं सांगितलं, एवढं तरी लिहावं.