मुस्तफाच्या पेटीचं मोल

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या आडोशाला, व्हिडिओ गेमची उभी पेटी निघू शकते. ती निघाली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला बोलवा, जागा मोकळी होईल. दुसरा मोबाइलवर अमेरिकेतला डॉलरमधला भाव काढून दाखवतो आणि पेटीवर चादर घालून ठेवतो. मला दोघांचंही पटत नाही. या पेटीची वाजवी किंमत तिचं मागचं दार उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत बसस्टँडच्या आसपास अशा पेट्यांची दुकानं होती. अंधारी खोली, ओळीनं मांडलेल्या पेट्या, गल्ल्यावर नाणं किंवा टोकन. आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त गर्दी 'मुस्तफा'पुढे. १९९३ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीनं काढलेल्या या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर तो बेतलेला होता. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एक, पण पोरांनी अख्ख्या खेळाला त्याचंच नाव दिलं. तिघं जण खांद्याला खांदा लावून एकाच पडद्यावर खेळायचे. घरच्या कन्सोलवर हा खेळ कंपनीनं कधी आणलाच नाही, त्यामुळे पेटीसमोर उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. पुढे १९९७ मध्ये 'मेम' हा प्रोग्रॅम आला आणि पेट्यांमधले जुने खेळ हळूहळू संगणकावर चालू लागले. म्हणून आज पेटी घेणारा पैसे मोजतो ते वस्तूसाठी. नुसता खेळ त्याला कुठेही मिळतो.

ही वस्तू मुळात इथली आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. १९८० च्या पॅकमॅनची अमेरिकन पेटी कारखान्यातून रंगवलेल्या बाजूंसह, क्रमांकाच्या पट्टीसह बाहेर पडली होती. तिला तिकडे जो भाव येतो तो त्या अखंडपणाचा. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्या गावातल्या किंवा शहरातल्या सुतारानं प्लायवूडमध्ये ठोकल्या, वर सनमायका लावला आणि आत बाहेरून आलेला खेळाचा बोर्ड बसवला. अशा पेटीला परदेशी भाव लावणं चूक, आणि भंगाराचा भाव लावणं त्याहून मोठी चूक. त्या सुतारकामाला, हातानं रंगवलेल्या पाटीला आणि तळहातांनी झिजलेल्या पॅनेलला मोल आहे. नवा सनमायका आणि चकचकीत स्टिकर लावून 'रिस्टोअर' केलेल्या पेटीपेक्षा मी मूळ रंगाच्या, ओरखड्यांच्या पेटीला जास्त पैसे देईन.

बैल बाजारात घेताना आधी दात बघतात, तसा इथे आधी बोर्ड बघायचा. १९८५ मध्ये जपानी कंपन्यांनी 'जामा' नावाची जोडणी ठरवली: ५६ पिनांची एक पट्टी, त्यातून वीज, चित्र, आवाज, बटणं सगळं जातं. त्यामुळे एकाच पेटीत खेळ बदलता यायचा, आणि त्यामुळेच पेटीवर रंगवलेलं नाव आणि आतला बोर्ड यांचा मेळ असेलच असं नाही. बोर्डावर कॅपकॉमचं नाव छापलेलं आहे का? 'क्यूसाउंड' लिहिलेली आवाजाची चिप दिसते का? की चिपांवरचे क्रमांक घासून काढलेत? आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नकलाच चालल्या. कान तयार असेल तर डोळ्यांचीही गरज पडत नाही, कारण नकली मुस्तफाचं संगीत अर्धवट असतं. मूळ बोर्डाचं दुखणं निराळं. त्यात एक बॅटरी असते आणि आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरची सांकेतिक किल्ली तिच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि आवाजाचा भाग बंद पडतो. त्यावर दुरुस्ती निघाली आहे, पण ती करणारे थोडे. साठ खेळ एकत्र असलेला नवा बोर्ड निघाला तर त्याला जुन्याचं मोल द्यायचं नाही. तो आजही विकत मिळतो.

बोर्डानंतर पिक्चर ट्यूब, आणि खरा पैसा इथेच अडतो. देशात ट्यूब बनणं थांबून बरीच वर्षं झाली; गेली तर तशीच जुनी शोधावी लागते. पेटी बंद असताना काचेवर तिरपा उजेड पाडा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेल्या अक्षरांची सावली काचेत उतरलेली दिसेल. फिकी असेल तर चालते. चालू खेळातही ती डोळ्यांत भरत असेल तर किंमत उतरवायलाच हवी. चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढलं जात असेल, हलत असेल, तर दोष बहुधा कपॅसिटरांचा. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीव तापमानाला साधारण निम्मं होतं, आणि नागपूर जिल्ह्यातला उन्हाळा ४५ अंशांना शिवतो. बंद पेटीच्या आत त्याहून जास्त. पेंचच्या काठच्या आपल्या गावांत पावसाळ्याची ओल आणि वाळवीही आहेच, म्हणून पेटीचा तळ स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. ट्यूबच्या मागच्या लाल वायरीला मात्र हात लावू नका. तिच्यातला विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो आणि स्विच बंद केल्यावरही काही काळ ट्यूबमध्ये राहतो. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं.

नाण्याची खाच बहुतेक जण बघतच नाहीत. पेटीत नमुन्याचं नाणं अडकवून तुलना करणारं यंत्र असेल तर आत कुठलं नाणं आहे ते पाहा. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, २०११ नंतरचा साधारण २२ चा. आत जुना रुपया सापडला तर पेटी केव्हा कमावती होती याचा अंदाज येतो. ते यंत्र उपटून तिथे बटण बसवलेलं असेल तर मी किंमत कमी धरेन, कारण पेटीचा इतिहास त्या खाचेत आहे.

आता हिशेब. समजा, अशी चालू पेटी नागपुरातला हौशी माणूस ३०,००० ला घ्यायला तयार आहे. आकडा केवळ उदाहरणाचा. समोरच्या पेटीत मॉनिटरच्या दुरुस्तीला ५,०००, तळाच्या प्लायवूडला ३,०००, जॉयस्टिक, बटणं आणि वायरिंगला २,०००, टेम्पोला २,५०० लागणार. उरले १७,५००. पेटी सुरूच करून दाखवता येत नसेल तर ट्यूब गेलेली असण्याची जोखीम घेणाऱ्याच्या माथी येते. तिचे आणखी पाच-साडेपाच हजार वजा करा. साधारण १२,००० हा रास्त भाव, आणि ही वजाबाकी विकणाऱ्यासमोर कागदावर मांडावी. त्याच्याकडे मेकॅनिक असेल तर तो मॉनिटर आधी दुरुस्त करून घेईल आणि जास्त किंमत मागेल. तो त्याचा हक्क आहे. मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, पहिल्यांदा सांगितलेला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. इंटरनेटवरच्या जाहिरातीतला आकडाही तसाच. व्यवहार कितीला झाला, तेवढंच विचारावं.

मूळ बोर्ड निघाला तर घेणाऱ्यानं ते लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. पारशिवनीतल्या दुकानदाराच्या घरच्यांना क्यूसाउंडची चिप ओळखता येत नाही, म्हणून ती फुकटात घेणं हा सौदा नव्हे. बोर्डाचं वेगळं मोल सांगावं, आणि पटलं तर बोर्डासह, नाहीतर बोर्डाशिवाय पेटी घ्यावी.

भाव ठरला की अर्धे पैसे द्यावेत. बोर्ड काढून कागदी खोक्यात वेगळा न्यावा, पेटी टेम्पोत उभीच बांधावी, ट्यूबचा मागचा मानेचा भाग कशालाही टेकणार नाही हे बघावं. नागपूरला उतरवल्यावर तासभर तशीच ठेवून मग सुरू करावी, पुढे दोन तास चालू ठेवावी, आणि चित्र स्थिर राहिलं की त्याच संध्याकाळी उरलेले पैसे पोचते करावेत.