पंडित जसराज यांच्या नावाचा लघुग्रह: नंबर मिळाला म्हणजे रस्ता कळला

ढोकी : "अमुक तारखेला लघुग्रह पृथ्वीवर आदळणार" असा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतोच. 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या आपल्या भागात असल्या मेसेजने म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. लघुग्रह सापडतो कसा आणि त्याचा रस्ता कसा कळतो, हे समजलं तर निम्मी भीती जाईल.

कसा सापडला?
लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे खडक. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढतात. तारे जागेवर राहतात, एखादा ठिपका मात्र सरकलेला दिसतो. असाच एक ठिपका 11 नोव्हेंबर 2006 रोजी अमेरिकेत टिपला गेला. त्याला तात्पुरतं नाव मिळालं '2006 व्हीपी 32'. यातलं 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. 'पी 32' म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला 815 वा. एका पंधरवड्यात एवढे!

रस्ता कसा कळतो?
धाराशिवहून लातूरला निघालेली एसटी येडशीला किती वाजता होती, ढोकीला किती वाजता आली, हे कळलं की मुरुडला कधी पोचेल हे आपण सांगतो. तसंच इथं. ठिपका कोणत्या रात्री कुठं होता यावरून गणित मांडतात. पण दोन-चार रात्रींच्या नोंदीत चूक राहू शकते. म्हणून पुढची काही वर्षं तो सांगितलेल्या जागी दिसतो का, ते तपासतात. खात्री पटली की मगच कायमचा नंबर देतात.

या लघुग्रहाला नंबर मिळाला 300128. मागून दोन-दोन आकडे वाचा: 28-01-30. पंडित जसराज यांचा जन्म 28 जानेवारी 1930 चा. सप्टेंबर 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्याला त्यांचं नाव दिलं. पंडितजी म्हणजे आपल्या व्ही. शांताराम यांचे जावई.

आपल्याला धोका आहे का?
हा लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात फिरतो. पृथ्वी सूर्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आहे, तर हा मुख्य पट्टा साधारण 32 ते 49 कोटी किलोमीटरवर. तिथल्या खडकांना सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण 3 ते 6 वर्षं लागतात. ते आपल्या वाटेत येत नाहीत.

काही लघुग्रह मात्र पृथ्वीच्या जवळून जातात. बुलडाण्याचं लोणार सरोवर अशाच धडकेतून झालं. अशांवर वेगळी नजर ठेवली जाते आणि नासा त्यांची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवते.

तेव्हा पुढच्या वेळी मेसेज आला तर आधी बघा: लघुग्रहाचं नाव किंवा नंबर दिलाय का? पृथ्वीपासून किती किलोमीटरवरून जाणार, ते लिहिलंय का? नसेल तर मेसेज पुढं पाठवू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही तेवढं समजावून सांगा.