स्टीव्ही रे व्हॉन हा हेन्ड्रिक्सचा नकलाकार नव्हे!
गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सचं 'व्हूडू चाइल्ड' हे गाणं 1968 मध्ये आलं. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनच्या 1984 च्या अल्बमवर तेच गाणं आहे, म्हणून त्याला सर्रास नकलाकार म्हणतात. दोघांच्या हाती स्ट्रॅटोकॅस्टर गिटार, तारा अर्ध्या स्वरानं उतरवलेल्या, साम्य आहेच. पण हेन्ड्रिक्सनं फीडबॅक आणि स्टुडिओतल्या प्रयोगांतून गिटारचा आवाजच बदलला, तर व्हॉननं जाड तारांवर जोरकस आघात करत टेक्सासचा ब्लूज पुढे नेला. त्याच्या तार खेचण्यात तर मला ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगच जास्त ऐकू येतो. मग तेच गाणं का निवडलं? कारण ब्लूजमध्ये थोरांची चीज आपल्या ढंगात वाजवणं ही जुनी रीत आहे. नवी वाट हेन्ड्रिक्सचीच, हे निर्विवाद. तरी त्याचं 'लिटल विंग' आणि व्हॉनचं 'लेनी' लागोपाठ ऐका; ऋण आणि वेगळेपण दोन्ही कळेल.