मुलांच्या हाती फोन आहेच, मग त्यांना बोलतं करा!

घरात दिवसभर बडबड करणारं मूल वर्गात उभं राहिलं की गप्प होतं, असा अनुभव तुम्हालाही आहे का? उत्तर माहीत असतं, वहीत बरोबर लिहिलेलंही असतं, पण चारचौघांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही. पुढे तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत हीच अडचण आड येते.

पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, तसंच बोलल्याशिवाय बोलता येत नाही. पण ३५ मिनिटांची तासिका आणि वर्गात ४० मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. सरावाची ही उणीव घरातला स्मार्टफोन भरून काढू शकतो. फक्त नुसतं बघण्याऐवजी मुलांनी त्यावर बोलायला हवं.

आवाजाचा आरसा

फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा. विषय सोपा ठेवा, जसं की ‘आज डब्यात काय होतं?’. वेळ एक मिनिट. पहिल्यांदा ऐकल्यावर मूल म्हणेल, “हा माझा आवाज नाहीच!” तेव्हा त्याला कारण सांगा. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून आणि डोक्याच्या हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो. रेकॉर्डिंगमध्ये तो फक्त हवेतून येतो, म्हणून वेगळा वाटतो. मग सुधारायची एकच गोष्ट मुलालाच निवडू द्या: वेग, गिळलेले शब्द किंवा सारखं येणारं ‘म्हणजे... म्हणजे’. आणि पुन्हा रेकॉर्ड करा.

गोष्ट वाचा, मग सांगा

‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीव्हीवर’ या वेबसाइटवर मराठीसह अनेक भाषांतल्या बालकथा मोफत आहेत. तुम्ही इंदूर, बडोदा किंवा बेंगळुरूला राहत असाल, तर मुलाला शाळेच्या भाषेत गोष्ट वाचू द्या आणि तीच मराठीतून आजीला व्हॉइस मेसेजवर सांगायला लावा. गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगताना दोन्ही भाषा पक्क्या होतात.

ऐकणंही शिकवा

संवादात अर्धा वाटा ऐकण्याचा असतो. पुढच्या व्हिडिओ कॉलवर आजोबांना त्यांच्या शाळेबद्दल तीन प्रश्न विचारायला सांगा. अट एकच: दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातून निघाला पाहिजे.

हे मात्र टाळा

मूल बोलत असताना मध्येच चुका काढू नका. त्याचं रेकॉर्डिंग पाहुण्यांसमोर हसण्यासाठी लावू नका आणि सोशल मीडियावर तर टाकूच नका. एकदा थट्टा झाली, की ते पुन्हा तोंड उघडायला कचरेल.

फोन सराव करून घेईल, पण मुलाकडे बघून मान डोलावणार नाही. म्हणून रोज दहा मिनिटं तुमचा स्वतःचा फोन बाजूला ठेवा, त्याच्यासमोर बसा आणि विचारा, “बरं, मग पुढे काय झालं?”